बाबांना आठ दिवस झाली नाही: ग्लिसरीन, डल्कोफ्लेक्स, बाटलीचा एनिमा की डबा?

मुक्ता_नाशिक (रविवार, रात्री १०:५०)

विषय लाजिरवाणा आहे पण आता लाजून भागणार नाही म्हणून लिहितेय. बाबा ७८ वर्षांचे, तीन आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता घरी आहेत पण जवळजवळ पलंगावरच. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू आहे, शिवाय कॅल्शियम आणि लोहाची गोळी. किडनी आधीपासून थोडी कमजोर, क्रिएटिनिन २.१. आज आठवा दिवस, पोट साफ झालेलं नाही. रोज रात्री दोन चमचे इसबगोल देतेय, गरम पाणी, मनुका, सगळं झालं. परवा केमिस्टकडून ग्लिसरीनच्या सपोझिटरी (खालून ठेवायच्या गोळ्या) आणल्या, दोन ठेवल्या, दोन्ही पाच मिनिटांत होत्या तशा बाहेर. काल आणखी एक, तेच. आणि आज सकाळपासून उलटंच, डायपरला पातळ पातळ लागतंय, दिवसातून पाच-सहा वेळा, वास भयंकर. शेजारच्या काकू म्हणाल्या जुलाब लागले, बंद करायची गोळी दे. केमिस्ट म्हणाला जुलाब असले तरी एकदा हा बाटलीचा एनिमा मारा, सगळं मोकळं होईल. बाटली समोर टेबलावर आहे. माळ्यावर आजीच्या वेळचा नळीवाला एनिमाचा डबापण आहे. यातलं नेमकं काय कशासाठी असतं हे कोणी सांगेल का, मला फरकच कळत नाहीये.

आणि हो, मी मुलगी. घरात दुसरं कोणी नाही. बाबा काही बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.

टवाळ (रात्री १०:५८)

धाग्याचं शीर्षक वाचून मला वाटलं परीक्षेचा पेपर आहे, योग्य पर्याय निवडा.
(सॉरी ताई. माझ्या आजोबांचंही असंच झालं होतं म्हणून वाचतोय. जाणकार येतील.)

जुनीसिस्टर (रात्री ११:१०)

मुक्ताताई, आधी ती जुलाब बंद करायची गोळी डब्यात परत ठेवा. आणि ती बाटली उघडू नका. मग पुढचं वाचा.

मी ३४ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली निम्मी हाडांच्या वॉर्डात, त्यामुळे हे चित्र डोळ्यांपुढे आहे. खाली गुदाशयात कडक मळाचा गोळा बसलाय, चिकणमातीच्या बॉलसारखा. तो सरकत नाही. त्याच्या वरचं पातळ पाणी त्याच्या कडेकडेने वाट काढून खाली झिरपतं आणि डायपरला लागतं. घरच्यांना वाटतं जुलाब. हे जुलाब नाहीत, गच्च बद्धकोष्ठाचंच पाणी आहे. यावर बंद करायची गोळी दिली की वरचंही सगळं थांबतं आणि पेशंट पोट फुगून, उलट्या करत परत ॲडमिट होतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की म्हाताऱ्या, झोपून असलेल्या माणसाला 'अचानक जुलाब' म्हटलं की माझा पहिला प्रश्न हाच, त्याआधी किती दिवस झाली नव्हती?

तुमचं ग्लिसरीन का बाहेर आलं तेही यातच आलं. गोळा दाराशी बसलाय, सपोझिटरीला आत जागाच नाही.

आता बाटली. त्यात सोडियम फॉस्फेट असतं, मिठासारखं क्षार. ते आतड्यात पाणी ओढून घेतं, आतडं ताणलं जातं आणि पाच-दहा मिनिटांत जोरात कळ येते. तरुण, धडधाकट माणसाला एखाद्या वेळी काही होत नाही. पण पाणी बाहेर आलंच नाही तर ते फॉस्फेट रक्तात शिरतं, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, मग रक्तातलं कॅल्शियम खाली येतं, हृदयाची लय बिघडते. वडिलांचं क्रिएटिनिन २.१, वय ७८, पुढे गोळा अडकलेला म्हणजे पाणी आत अडकायची पूर्ण शक्यता. अमेरिकेच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २०१४ साली यावर इशाराच काढला होता, २४ तासांत एकापेक्षा जास्त डोस नको, दोन वर्षांखालच्या बाळाला गुदद्वारातून अजिबात नको, म्हातारे आणि किडनीवाल्यांनी आधी डॉक्टरला विचारायचं. आपल्याकडे काउंटरवर बिस्किटासारखी मिळते म्हणून लोकांना वाटतं साधी गोष्ट.

पोट टम्म फुगलंय का, उलटी होतेय का, गॅस पास होतोय का? यातलं काही बिघडलं असेल तर आत्ता रात्रीच हॉस्पिटल. नसेल तर सकाळी डॉक्टरांना घरी बोलवा, बोटाने तपासायला सांगा. बोट न घालता यावर कोणी औषध देत असेल तर दुसरा डॉक्टर बघा, मी स्पष्टच बोलते.

मुक्ता_नाशिक (रात्री ११:२२)

सिस्टर हात जोडते. उलटी नाही, गॅस होतोय, पोट थोडं फुगल्यासारखं आहे पण मऊ आहे. मी अक्षरशः बाटलीचं झाकण काढलं होतं. डॉक्टरांना मेसेज टाकलाय, सकाळी येतो म्हणालेत. इसबगोल चालू ठेवू का?

जुनीसिस्टर (रात्री ११:२७)

बंद. इसबगोल पाणी पिऊन फुगतं. अडलेल्या मोरीत आणखी भुसा कशाला टाकता. झोपून असणारा, पाणी कमी पिणारा आणि वर ट्रॅमाडॉलसारखं आतडं मंद करणारं औषध घेणारा, अशाला इसबगोलने उलट गाठ बसते. पहिल्या दिवसापासून चूक तुमची नाही, डिस्चार्जच्या कागदावर दुखण्याच्या गोळीसोबत पोट साफ ठेवायचं औषध लिहायला हवं होतं, आमच्याकडे ते राहिलं की मी रेसिडेंटच्या मागे लागायचे.

केमिस्टबाबा (सोमवार, सकाळी ७:४०)

सिस्टरांनी मुख्य ते सांगितलंय. माझ्या दुकानात रोज दोन-तीन गिऱ्हाईकं 'खालची गोळी द्या' म्हणून येतात आणि कुठली विचारलं की 'ती पांढरी' म्हणतात, दोन्ही पांढऱ्याच असतात, म्हणून थोडं लिहितो.

ग्लिसरीन ही सौम्य. ती विरघळते, आजूबाजूचं पाणी ओढते, मळ थोडा ओला आणि घसरडा होतो, शिवाय जराशी चुरचुर झाल्याने जाण्याची इच्छा होते. पंधरा मिनिटं ते तासभर. ठेवायच्या आधी पाण्यात बुडवून ओली करायची, कोरडी ठेवली तर चटका बसतो. मळ दाराशी आहे, फक्त जोर पुरत नाही, अशा माणसाला ठीक. प्रेग्नन्सीतही डॉक्टर हीच सांगतात बहुतेक.

बिसॅकोडिल, म्हणजे डल्कोफ्लेक्स वगैरे, मोठ्यांना १० मिलिग्रॅमची, लहानांना ५. ही आतड्याच्या नसांना चाळवते आणि आतडं स्वतः आकुंचन पावतं. म्हणून हिच्यात मुरडा येतो, काही जणांना आग होते. याच औषधाची पोटात घ्यायची गोळी सहा ते बारा तास घेते, खालून ठेवलेली पंधरा मिनिटं ते तासाभरात काम करते. पण एक मेख आहे जी पाकिटावर कोणी वाचत नाही, ती आतड्याच्या भिंतीला टेकली पाहिजे. लोक नेमकी मळाच्या गोळ्यात रुतवतात आणि म्हणतात 'तुमची गोळी फेल गेली'. बोटाने बाजूला, भिंतीला चिकटवून ठेवायची. आणि चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने ठेवली तर पोट आधीच चालू झालेलं असतं, दुप्पट फायदा.

जाता जाता, ताईंच्या बाबांसारख्या किडनीवाल्यांना मिल्क ऑफ मॅग्नेशिया असलेली पांढरी-गुलाबी पातळ औषधंही आपल्या मनाने देऊ नका, मॅग्नेशियम साठतं. आणि उन्हाळ्यात सपोझिटरी फ्रिजच्या दारात ठेवा, नाहीतर चांदीचा कागद उघडला की आत खीर मिळते.

टवाळ (सकाळी ८:०५)

टोकदार बाजू आधी की सपाट? आमच्या घरात यावर दोन गट आहेत.

केमिस्टबाबा (सकाळी ८:१५)

हसू नका, यावर खरंच संशोधन झालंय. १९९१ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात इजिप्तच्या डॉक्टरांनी छापलं की सपाट बाजू आधी घातली तर ती सहज आत ओढली जाते आणि बोट आत ढकलावं लागत नाही. त्यानंतर नर्सिंगवाल्यांमध्ये वाद चालूच आहे, एका अभ्यासावर किती भरवसा ठेवायचा म्हणून. मी गिऱ्हाईकाला सांगतो, जशी जाईल तशी जाऊ द्या, पण आधी ओली करा.

सदाशिवपेठी (सकाळी ९:३०)

एवढी सगळी केमिकलं कशाला? आमच्या वडिलांनी आयुष्यभर डबा वापरला. कोमट पाणी, अर्धा लिंबू, आठवड्यातून एकदा. गांधीजींनी १९४६ ला उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम काढला, तिथे एनिमा हा उपचारांचा पाया आहे, लोक आजही जाऊन राहतात आणि हलके होऊन येतात. साधं पाणी कोणाचं काय बिघडवणार?

जुनीसिस्टर (सकाळी १०:१०)

सदाशिवपेठी, आश्रमात देखरेख असते, माणूस चालता-फिरता असतो. साधं पाणीही बिघडवतं बरं का. मोठ्या प्रमाणात, परत परत दिलं तर आतडं ते शोषतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं, म्हातारा माणूस बरळायला लागतो. म्हणून वॉर्डात आम्ही सलाईन वापरायचो, लिटरला नऊ ग्रॅम मीठ, शरीराशी जुळणारं. लिंबू वगैरे आत काही घालायचं कारण नाही, आतड्याला आंबट-गोड कळत नाही, फक्त चुरचुरतं.

आणि साबणाचं पाणी. आमच्या ट्रेनिंगच्या काळात साबणाचा फेस करून एनिमा द्यायचो, 'एस.एस. एनिमा' म्हणून ऑर्डर यायची. काम चोख व्हायचं कारण साबण आतड्याला भाजल्यासारखं करतो, आतड्याला सूज आलेले पेशंट मी स्वतः पाहिलेत. आता बहुतेक चांगल्या हॉस्पिटलांत टाळतात. घरी अजून देतात, कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा किसून.

डब्याचं तंत्र विचारलं होतं म्हणून सांगते. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी, कारण आतड्याचा शेवटचा भाग डावीकडून खाली येतो आणि पाणी उताराने जातं. डबा पलंगापासून हातभर उंच, फार तर दीड फूट. लोक खिडकीच्या गजाला टांगतात, मग पाणी धबधब्यासारखं जातं आणि लगेच कळ. पाणी मनगटावर टाकून बघायचं, बाळाच्या दुधासारखं. नळीतली हवा आधी काढायची. अडलं तर जोर करायचा नाही, नळी मागे घ्यायची. डबा हे दुसऱ्या टप्प्याचं हत्यार, कडक गोळा बसलेला असताना पहिल्यांदाच लिटरभर पाणी सोडलं तर ते मागे जाऊन बसतं.

आदूचीआई (सकाळी ११:००)

विषयाला धरून थोडं बाजूचं. माझा आदू साडेचार वर्षांचा, शी धरून ठेवतो, पाय आवळून कोपऱ्यात उभा राहतो, चेहरा लाल. सासूबाई तो बाळ असताना विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावायच्या. आता म्हणतात तसंच करू. मागच्या महिन्यात एकदा डॉक्टरांनी एनिमा दिला, आम्ही तिघांनी त्याला धरलं होतं, तेव्हापासून कमोडकडे बघत नाही. मोठ्यांमध्ये चालतं ते मुलांना का नाही?

जुनीसिस्टर (सकाळी ११:२५)

देठाने आतली नाजूक त्वचा खरचटते, तान्ह्या बाळाला तर नकोच. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाला पाच-सहा दिवस शी झाली नाही आणि झाल्यावर मऊ असली तर तो आजारच नाही. हे सासूबाईंना प्रेमाने सांगा, मला जमलं नव्हतं.

मेलबर्नची_माई (दुपारी १२:१५)

आदूच्या आईसाठी. माझ्या मुलाचंही हेच झालं होतं, तेव्हा इथल्या पीडियाट्रिशियनने मला एक अभ्यास समजावून सांगितला, ॲमस्टरडॅममधल्या डॉक्टरांचा, २००९ सालचा. गोळा अडकलेली ९० मुलं घेतली, निम्म्यांना सहा दिवस रोज एनिमा, निम्म्यांना तोंडाने पीईजीची (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाणी धरून मळ मऊ करते ती) पावडर जास्त डोसमध्ये. एनिमावाल्यांमध्ये ८० टक्के मोकळी झाली, पावडरवाल्यांमध्ये ६८, आणि एवढ्या मुलांमध्ये हा फरक ठोस म्हणता येत नाही. पावडरने पहिले दिवस चड्डीत पातळ जास्त होतं हे खरं, मी चार चादरी फेकल्या. पण तुमच्या मुलाला आता धरून ठेवायची भीती बसलीये ना, मग खालून काही घालणं म्हणजे त्या भीतीलाच खतपाणी. मुलांच्या डॉक्टरांची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं पण तेच सांगतात, आधी तोंडाने पीईजी, ती नसेल तरच एनिमा. डोस मात्र वजनावर डॉक्टरच ठरवतील.

इथे छोट्या ट्यूब मिळतात मायक्रोलॅक्स नावाच्या, ५ मिलिलिटर, टूथपेस्टच्या सॅम्पलएवढी. सोडियम सायट्रेट, सॉर्बिटॉल असं काही असतं, मळातलं अडकलेलं पाणी सोडवून तो मऊ करतं, पाच मिनिटं ते अर्धा तास. फॉस्फेटच्या बाटलीपुढे काहीच नाही प्रमाणाने, म्हणून म्हाताऱ्यांच्या होममध्ये नर्स आधी हीच काढतात.

लेस्टरवाली (दुपारी २:५०)

मी इथे कम्युनिटी नर्स आहे. मराठी माणसाला आवडेल अशी गोष्ट सांगते. ब्रिटनमध्ये कडक गोळ्यासाठी आर्किस ऑइलचा एनिमा असतो, १३० मिलिलिटर. आर्किस म्हणजे आपलं शेंगदाण्याचं तेल! कोमट करून रात्री सोडायचं, रात्रभर आत ठेवायचं, तेल गोळ्यात मुरतं, सकाळी तो फुटतो. शेंगदाण्याची ॲलर्जी विचारल्याशिवाय द्यायचा नाही, इथे तो पहिला प्रश्न. मुक्ताताईंच्या बाबांच्या केसमध्ये डॉक्टर असंच काहीतरी तेलाचं सांगतील असा माझा अंदाज, आधी तेल मग बाकी.

वैद्य_हौशी (संध्याकाळी ५:००)

तेलाचा विषय निघाला म्हणून आलो. मी बीएएमएस, प्रॅक्टिस करतो. आपल्याकडे हे वेगळ्या नावाने कधीपासून आहे. मात्राबस्ती म्हणजे थोडं औषधी तेल, पन्नास-साठ मिलिलिटरच्या आसपास, आत राहण्यासाठीच दिलेलं. निरूहबस्ती म्हणजे काढा, मध, सैंधव, तेल घोटून एकजीव केलेलं मोठं प्रमाण, ते परत बाहेर यायलाच हवं. पावसाळ्यात वाताचा काळ म्हणून लोक बस्तीसाठी येतात. पण एक स्पष्ट सांगतो, बस्तीला पोट साफ करायचा एनिमा समजू नका, आमच्याकडे ती वातावरची मोठी चिकित्सा आहे, संधिवात, कंबरदुखी यासाठी जास्त. आणि एवढा अडलेला, ऑपरेशन झालेला, किडनी बिघडलेला पेशंट आला तर मीसुद्धा आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलेन, सैंधव हेही शेवटी मीठच.

सदाशिवपेठी (संध्याकाळी ५:२०)

वैद्यसुद्धा फितूर झाले :)

चाकावरचा (संध्याकाळी ७:४०)

सगळे एकदाच होणाऱ्या अडचणीबद्दल बोलताय, माझं रोजचं आहे. अकरा वर्षांपूर्वी बाइकवरून पडलो, मणक्याला इजा, व्हीलचेअर. कमरेखाली कळत नाही म्हणजे 'लागली' हेही कळत नाही. आमच्यासारख्यांना हे वेळापत्रकाने करावं लागतं, मी एक दिवसाआड, सकाळी साडेसहा, आधी चहा.

इजा कुठे झालीये यावर सगळं अवलंबून आहे हे मला दोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. इजा वर असेल तर आतड्याचा खालचा रिफ्लेक्स (आपोआप आकुंचन पावणं) शाबूत असतो, सपोझिटरी आणि ग्लोव्ह घालून बोट हळू गोल फिरवलं की तो जागा होतो. इजा अगदी खाली असेल तर तो रिफ्लेक्सच मेलेला, दार सैल, सपोझिटरी ठेवून वाट बघत बसा, काही होत नाही, हाताने काढावं लागतं. माझा वरचा प्रकार. बिसॅकोडिलच पण कशात मिसळलीये यानेही फरक पडतो, वनस्पती तुपासारख्या बेसमधली वितळायला वेळ लावते, पीईजी बेसमधली लवकर काम करते, परदेशात आमच्या लोकांमध्ये ती 'मॅजिक बुलेट' म्हणून प्रसिद्ध आहे.

नंतर मी पाण्याच्या पंपावर आलो. नळीला फुगा असतो, तो आत फुगवला की पाणी बाहेर गळत नाही, कमोडवर बसून हाताने पंप मारत कोमट पाणी सोडायचं, फुगा सोडला की सगळं एकदम. युरोपातल्या पाच देशांत ८७ मणक्याच्या पेशंटवर अभ्यास झाला होता, २००६ साली छापला, नेहमीच्या पद्धतीपेक्षा पाण्यावाल्यांचं बद्धकोष्ठ आणि कपड्यात होणं दोन्ही कमी. माझा दीड तासाचा कार्यक्रम पाऊण तासावर आला. पण हे स्वतः यूट्यूब बघून करू नका, आतडं फाटू शकतं, मला नर्सने तीन वेळा समोर बसून शिकवलं.

आणि छातीच्या मध्यापासून वर मणक्याला इजा असलेलं कोणी वाचत असेल तर, हे करताना अचानक डोकं ठणकलं, चेहरा घामाने डबडबला तर लगेच थांबा आणि उठून बसा, बीपी वर उडतं, जिवावर बेततं.

मुक्ताताई, बाबा भिंतीकडे तोंड करतात ना. मीही करायचो. आईने रेडिओ लावायला सुरुवात केली तेव्हा बरं वाटलं. बोलायला लागत नाही.

सुमनमावशी (रात्री ९:१०)

मी तर बाळंतपणाआधीच्या एनिमाची आठवण घेऊन आले. १९८४, तालुक्याचं गाव, कळा चालू असताना बाईने साबणाचं पाणी दिलं आणि मग संडासापर्यंत चालायला लावलं. मला वाटलं बाळ तिथेच होतंय.

जुनीसिस्टर (रात्री ९:२५)

मावशी, आम्ही सरसकट द्यायचो, मान्य करते. नंतर अभ्यासांत दिसलं की प्रसूतीआधी सरसकट एनिमाने ना इन्फेक्शन कमी होतं ना बाळंतपण लवकर होतं. डब्ल्यूएचओपण कळा वाढवायच्या औषधाची गरज कमी व्हावी म्हणून एनिमा देऊ नका म्हणतं. तुमची माफी मागायला हवी.

दुबईकर (रात्री १०:३०)

इन्स्टावर कॉफीचा एनिमा बघितलाय का कोणी? डिटॉक्स म्हणून.

जुनीसिस्टर (रात्री १०:४१)

गरम कॉफीने गुदाशय भाजल्याच्या, क्षार बिघडून माणसं दगावल्याच्या केसेस छापून आल्यात. कॉफी वरून प्या. आणखी एक, ज्यांची केमो चालू आहे आणि पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट खाली आहेत त्यांना खालून सपोझिटरी, एनिमा, थर्मामीटर, काहीच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बारीकशी जखम झाली तरी त्यातून इन्फेक्शन रक्तात जातं.

मुक्ता_नाशिक (मंगळवार, दुपारी ३:३०)

अपडेट देते. काल सकाळी डॉक्टर आले. सिस्टर, शब्द न् शब्द तुमचा. हातमोजा घालून बोटाने तपासलं, म्हणाले दगड आहे, एवढा, आणि मूठ दाखवली. बाटली बघितली आणि खिशात घालून घेऊन गेले, म्हणाले हे मी फेकतो. काल रात्री त्यांच्याकडच्या ब्रदरने बारीक नळीने कोमट लिक्विड पॅराफिन (एक प्रकारचं खनिज तेल) सोडलं, बाबांना डाव्या कुशीवर ठेवून, ऑपरेशनचा पाय मध्ये उशी देऊन. रात्रभर थोडं थोडं गळत होतं, मी खाली जुने टॉवेल घातले.

आज सकाळी ब्रदर परत आला, बधिर करायची जेली लावली, दहा मिनिटं थांबला, मग एका बोटाने हळूहळू तुकडे करून काढायला लागला. नाडीवर दुसरा हात, म्हणाला मध्येच ठोके मंदावतात काही म्हाताऱ्यांचे, म्हणून दोनदा थांबला, पाणी पाजलं. पस्तीस मिनिटं लागली. निघालेले खडे वर्तमानपत्रावर बघितले, काळेकुळकुळीत, सुपारीएवढे, लोहाच्या गोळीमुळे काळे म्हणाला. तासाभराने मग एक बिसॅकोडिल, भिंतीला टेकवून, मला दाखवत दाखवत ठेवली, आणि चाळीस मिनिटांनी बाकीचं सगळं स्वतःहून. स्वतःहून! कमोडची खुर्ची पलंगाला लावली होती, पायाखाली पाट, पण उंचावर नको म्हणाले, खुब्यामुळे गुडघे फार वर घ्यायचे नाहीत.

रेडिओ लावला होता. नाशिक आकाशवाणीवर नाट्यगीत लागलं तर बाबा मध्येच म्हणाले, आवाज वाढव. आठ दिवसांतलं पहिलं वाक्य.

आता ट्रॅमाडॉल कमी करून पॅरासिटामॉलवर आणलंय, लोहाची गोळी दोन आठवडे बंद, रोज तोंडाने पीईजी पावडर. दोन दिवस झाली नाही तर तिसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर एक बिसॅकोडिल, त्यानेही नाही झालं तर फोन करायचा, घरी दुसरं काही करायचं नाही. आजीचा डबा परत माळ्यावर.

जुनीसिस्टर (दुपारी ३:५०)

छान. ब्रदर चांगला मिळाला, नाडी धरणारे कमी असतात. पावडर चार दिवसांत आपोआप जमेल, लगेच पातळ झाली म्हणून बंद करू नका, प्रमाण कमी करा, तेही डॉक्टरांना विचारून. आणि कधी झाली, कशी झाली हे लिहून ठेवा. आठवणीवर राहिलं की आठ दिवस होतात.

मुक्ता_नाशिक (दुपारी ४:०५)

कालनिर्णयवर लिहायचं ठरवलंय. बाबांनी स्वतः पेन मागितलं. आजच्या तारखेच्या चौकोनात, जिथे आई दुधाचे लिटर लिहायची तिथे, एक टिक केलीये आणि शेजारी कंसात 'मोठी'.

टवाळ (दुपारी ४:०९)

काकांना सांगा, संकष्टीच्या चौकोनात जागा कमी असते, बारीक अक्षर काढा.

आदूचीआई (दुपारी ४:३०)

आम्हीपण आज पावडर सुरू केली. चादरी किती लागतील म्हणाल्या होत्या माई?